जोडीचा रुपया

ही गोष्ट मी आजवर तोंडाने कोणाला सांगितली नाही. सांगायची गरजच पडली नाही, सगळ्या गावाला ती ठाऊक आहे. ठाऊक नसल्यासारखं गाव वागतं, एवढंच.

मी पंजाबराव. दारव्ह्याच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो आणि त्या सात इयत्तांच्या जोरावर मला वाटायचं, माणूस कशानं हलतो ते आपल्याला कळलं आहे. कापूस वेचायच्या बाया रोजानं यायच्या तेव्हा दोन तास गप्पा, दोन तास वेचणी. मी त्यांना शेरावर लावलं, जेवढा कापूस तेवढे पैसे. आठ दिवसांत वेचणी दुप्पट झाली. मी गावभर मिरवत सुटलो. कापसात काडीकचरा येतो आणि तो निवडायला घरात मीच बसते, असं माझी बायको विमल म्हणायची. पण ते मी ऐकून घेत नसे.

"मानसाले बोलून काई होत नाई," मी पारावर सांगायचो. "त्याले फायदा दाखवा नाईतर तोटा दाखवा. तो आपोआप हालते."

आमच्या गावात एक जुनी रीत होती. तुमचं ढोर दुसऱ्याच्या वावरात शिरलं, तर वावरवाला त्याला मारत नसे, हाकलत नसे. आपल्या अंगणातल्या खुंट्याला बांधायचा, पाणी पाजायचा, चार पेंढ्या टाकायचा. मग ज्याचं ढोर त्यानं स्वतः यायचं. सालदार गडी चालत नसे, पोर चालत नसे. येऊन खुंट्यापाशी उभं राहायचं. घरातली बाई बाहेर येऊन विचारायची, "कोनाचं हाय?" कोणाचं आहे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं, तरी ती विचारायची. आपण मोठ्यानं म्हणायचं, "माह्यं हाय." ती म्हणायची, "ने मंग." ढोर सोडण्याआधी वावरवाल्याबरोबर जाऊन नुकसान पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वावरात एक दिवस डवरा हाणून तण काढून द्यायचं. झालं. भांडण नाही, पंचायत नाही.

याला आम्ही खुंट्यावर जाणं म्हणायचो. खुंट्यावर जायची वेळ आली की चांगला माणूसही वाटेतून दोनदा मागे वळायचा. गंगी म्हणून एक विधवा बाई होती, तिची शेळी एकदा कोणाच्या तुरीत गेली तर बिचारी दोन दिवस जेवली नाही. आणि भगवानराव, ज्यांची ढोरं सर्वांत जास्त, ते कधीच खुंट्यावर गेले नाहीत. त्यांचा सालदार जायचा. त्याला विचारलं, "कोनाचं हाय?" तर तो म्हणायचा, "मालकाचं."

याचा मला संताप यायचा. लाज ही गोष्ट मुळातच सारखी वाटलेली नाही, असं मला दिसलं. ज्याला आहे त्याला फार, ज्याला नाही त्याला काहीच नाही. एकसष्ट साली नवी ग्रामपंचायत आली, मी निवडून गेलो, आणि पहिल्याच वर्षी कोंडवाड्याचा ठराव मांडला. सुट्या ढोराला आठ आणे दंड, बैलजोडीला रुपया. पैसे पंचायतीत भरायचे, पावती घ्यायची, ढोर न्यायचं. भगवानरावांना तेवढेच, गंगीलाही तेवढेच.

ठरावाच्या दिवशी देवसिंग उठला. देवसिंग तांड्यावरचा बंजारा. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडलेले. त्याच्या बापानं आमच्या धुऱ्याला, वावराच्या बांधाला, लागून तीन एकर घेतलं आणि तिथंच थांबला. देवसिंग बोलायचा कमी. माझा बाप वारला त्या पावसाळ्यात, आमची बंडी चिखलात फसली तेव्हा त्यानं आपले बैल जुंपून सरण मसणवटीपर्यंत पोचवलं होतं, तेही न बोलता.

तो म्हणाला, "पंजाबभाऊ, पैसे भरल्यावर मानूस वावर पाह्याले येईन का?"

"पाहून काय पीक उगोते काय बावा?" मी म्हणालो. लोक हसले. देवसिंगही थोडा हसला आणि खाली बसला.

कोंडवाडा बांधला. डोमाजी कोतवालाला तिथं नेमला आणि ढोरामागं दोन आणे त्याला ठरवले, म्हणजे तो झोपा काढणार नाही. डोमाजीनं झोप सोडली खरी. महिनाभरानं कळलं, की रस्त्यानं सरळ घरी जाणारी म्हैससुद्धा तो "हुर्र, हुर्र" करत कोंडवाड्यात घालतो. एकदा तर त्यानं माझ्याच म्हशीची वगार माझ्याच दारातून नेली. मी चिडलो तर म्हणाला, "तुमीच त सांगतलं, मालक, फायदा दाखवला की मानूस हालते. मी हाललो."

लोक पोट धरून हसले, मीही हसलो. तरी पीक वाचत होतं. भगवानरावांच्या सालदाराला रोज दोन-तीन रुपये मोजावे लागले, तेव्हा त्यांची ढोरं गोठ्यात राहू लागली. मला वाटलं, जिंकलो.

मग पोळा झाला आणि पाऊस गेला.

भादवा कोरडा निघाला. धुऱ्यावरचं गवत पिवळं पडून कुरकुरू लागलं. मागल्या सालचा कडबा संपत आला होता, भुशाचं कुटार तळाला लागलं होतं. दारव्ह्याच्या बाजारात कडब्याला हात लावायची सोय नव्हती. जोडीला एका दिवसाला दीड रुपयाचा पडायचा. वावरातली ज्वारी तेवढी काळ्या जमिनीच्या ओलीवर छातीएवढी हिरवीगार उभी होती.

आणि तेव्हा गावात एक गंमत सुरू झाली. कोंडवाडा भरू लागला. आधी ज्यांचं एकही ढोर कधी सुटत नव्हतं, त्यांची सुटू लागली. संध्याकाळी लोक यायचे, आठ आणे ठेवायचे, पावती घडी करून टोपीत खोचायचे आणि बिडी ओढत ढोर घेऊन जायचे. कोणाची मान खाली नाही. वावरवाला बोललाच तर म्हणायचे, "दंड भरला ना? फुकट खाल्लं काय?" एक दिवस गंगीसुद्धा पदराची गाठ सोडून आठ आणे देताना दिसली. तिची शेळी चांगली टुमटुमीत झाली होती. मला पाहून ती लाजली नाही, उलट म्हणाली, "बरं केलं भाऊ तुमी. पयले लय जीवाले लागे."

हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. खटकलं नाही असं म्हणणार नाही. पण माझे डोळे दुसरीकडे लागले होते.

माझी जोडी खंगत होती. हरण्या आणि पांढऱ्या. पोळ्याला शिंगांना लावलेला हिंगूळ अजून गेला नव्हता आणि खाली बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. गव्हाचं वावर तयार करायचं होतं. वखराच्या तिसऱ्या फेऱ्याला पांढऱ्या मटकन खाली बसला. मी शेपटी पिरगळली, पुराणी टोचली. तो उठला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मी जू काढलं. त्याच्या खांद्यावरची कातडी सोलून ओली झाली होती आणि तिथं माशा बसत होत्या. बैल गेले तर गहू नाही, हरभरा नाही, कापसाच्या बंड्या नाहीत. धुऱ्यावर बसून मी जोडीकडे पाहत होतो आणि धुऱ्यापलीकडे देवसिंगची ज्वारी सळसळत होती.

मी मनात मांडणी केली. दंड एक रुपया, कडबा दीड रुपया. ही तर झाली साधी वजाबाकी. खरी लाज पुढे आहे. मी हेही मांडलं, की कोणाचं वावर? पलीकडे विठ्ठलरावांचंही होतं. पण विठ्ठलराव तोंडाचा फाटका, चव्हाट्यावर येऊन आईमाई काढणारा. देवसिंग बोलणार नाही. गरीब स्वभावाचा माणूस अशा मांडणीत स्वस्त पडतो. हे मी अगदी शांत डोक्यानं, धुऱ्यावर बसून, कुदळीच्या दांड्यानं ढेकूळ फोडत ठरवलं.

दुपारी सगळे भाकरीला गेले तेव्हा दाव्याची गाठ सैल केली आणि मीही घरी आलो.

तासाभरानं देवसिंगच्या सुनेनं, जमनीनं, बैल हाकलले. डोमाजी वाटच पाहत होता. संध्याकाळी मी रुपया भरला, पावती घेतली. हरण्याच्या कुशी भरल्या होत्या.

"सुटले वाट्टे," विमल म्हणाली.

"सुटले."

तिनं दावं हातात घेऊन पाहिलं. तुटलेलं नव्हतं. ती वैलाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी वाटेत देवसिंग भेटला. खांद्यावर विळा आणि हातात चार मोडलेली ताटं. मीच आधी बोललो, "देवसिंगभाऊ, दंड भरला बरं काल."

"हो," तो म्हणाला, "भरला असन."

एवढंच. मला उगाच वाटलं, त्यानं भांडायला हवं होतं. भांडला असता तर मी पावती दाखवली असती.

चार दिवसांनी पुन्हा सैल केली. नंतर तीन दिवसांनी पुन्हा. जोडीच्या अंगावर तकाकी आली. वखर चालू लागला. तिसऱ्या वेळी विमलनं पावती माझ्या टोपीतून काढून चुलीत घातली.

"काहून जाळली?" मी विचारलं.

"घरात कायले ठेवता असलं?" ती म्हणाली. "देवसिंगच्या घरी पाच खानारी तोंडं हायेत. तो रुपया पंचायतीत जाते, त्याच्या बायकोच्या, रुपीबाईच्या चुलीत नाई जात."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. ठराव मीच लिहिला होता. दंड पंचायतीला, नुकसान वावरवाल्याला. लिहिताना सरळ वाटलं होतं.

चौथ्या वेळी संध्याकाळ झाली तरी डोमाजीचा निरोप नाही. कोंडवाड्यात गेलो. बैल नव्हते. डोमाजी म्हणाला, "आज माह्या हातीच नाई लागले. रुपीबाईनं वरच्यावर नेले. तांड्यावर हायेत. खुंट्याले."

किती तरी महिन्यांत हा शब्द गावात कोणी काढला नव्हता.

मी खिशातून रुपया काढला. "हे घे. तू जा आन घेऊन ये. तुले चार आणे येगळे."

डोमाजी अर्ध्या तासानं परत आला, रुपया तसाच. "रुपीबाई म्हने, इथं पावती फाडत नाई." आणि जमिनीकडे पाहत, "म्हने, ज्याचे हायेत त्याले पाठव."

"मी सकाऊन पाह्यतो," मी म्हणालो. घरी येऊन जेवायला बसलो. अर्ध्यावर उठलो. बैलांचा कोठा रिकामा होता आणि विमलनं विचारलंसुद्धा नाही. आमच्या घरापासून तांडा दूर नाही. सकाळी झुंजूमुंजू होताना हरण्याचं हंबरणं ऐकू आलं. माझ्या आवाजाच्या ओळखीचं ते जनावर, मला हाक मारत होतं आणि अख्खं गाव ऐकत होतं.

"सालदाराले धाडू काय?" मी म्हणालो.

विमल शेणात हात घालून बसली होती. ती वर न पाहता म्हणाली, "भगवानरावासारखं?"

मी उठलो.

तांड्यावर जायचा चढ मी हजारदा चढलो असेन. त्या दिवशी वाटेत दोनदा थांबलो. विहिरीवरच्या बाया बोलायच्या थांबल्या. देवसिंगचं अंगण सारवलेलं होतं. खुंट्याला हरण्या-पांढऱ्या, पुढ्यात हिरव्या ज्वारीचा भारा. तुडवलेली, आता उभी न राहणारी ताटं कापून आणून त्यांनी माझ्याच बैलांना घातली होती. पाण्याचं घमेलं भरलेलं. पांढऱ्याच्या खांद्यावर, जिथं जूनं सोललं होतं तिथं, हळद आणि तेल लावलेलं होतं.

ते पाहिलं आणि मला परत फिरावंसं वाटलं.

देवसिंग भिंतीशी बसून दोर वळत होता. मला पाहून उठला, घोंगडी झटकली. "या पंजाबभाऊ. बसा." रीत तशी नव्हती, खुंट्यावर आलेला बसत नाही. मी खुंट्यापाशी उभा राहिलो. जमनी दारातून आत वळली, तिनं सासूला "याडी" अशी हाक दिली, आणि रुपीबाई बाहेर आली. हातातल्या हस्तिदंती बलोती बांगड्या कोपरापर्यंत पिठानं माखलेल्या. दळण ठेवून उठली होती.

"कोनाचे हायेत?" तिनं विचारलं.

"आता वहिनी, हे काय इचारनं झालं," मी हसून म्हणालो. माझं हसणं मलाच कसंसं वाटलं. "तुमाले काय ठाऊक नाई?"

"कोनाचे हायेत, भाऊजी?"

माझा हात खिशात गेला. रुपयाला बोटं लागली. तो बाहेर काढायची हिंमत झाली नाही.

"माहे," मी म्हणालो.

इथं रीत संपायला हवी होती. "ने मंग" म्हणून तिनं आत जायला हवं होतं. ती गेली नाही. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं आणि जे आजवर कोणत्याही खुंट्यावर कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आले कसे?"

आजूबाजूच्या झोपड्यांपुढं माणसं उभी होती. मी तोंड उघडलं. देवसिंग घाईनं म्हणाला, "अवं, सुटले असन. मुक्कं जनावर हाय. सुटते."

तो मला वाचवत होता. त्यानं मान खाली घातली होती आणि त्याचे कान लाल झाले होते. मला वाटायला हवी होती ती लाज त्याला वाटत होती, स्वतःच्या अंगणात, स्वतःचं पीक गेलेलं असताना. "हो, सुटले" एवढे दोन शब्द म्हणालो असतो तर भागलं असतं. पण त्याच्याकडे पाहून ते म्हणवेनात.

"सोडले," मी म्हणालो. "मी सोडले. चारी खेपी."

रुपीबाईनं पदरानं हात पुसले. "ने मंग," ती म्हणाली आणि आत गेली. जात्याची घरघर पुन्हा सुरू झाली.

मी दावं सोडलं नाही. "वावर दाखव," देवसिंगला म्हणालो.

आम्ही पुढंमागं चाललो. धुऱ्याकडची एक रुंद पट्टी जवळजवळ साफ होती. बुडखे, शेण आणि खुरांचे खड्डे. उरलेल्यात जागोजाग ताटं आडवी. देवसिंग चालता चालता एखादं ताट उभं करायचा, पायानं माती लोटून दाबायचा, ते पुन्हा वाकायचं. मी मागून तेच करू लागलो. पानांनी हाताला बारीक चिरा पडत होत्या.

"उद्या डवरा घेऊन येतो," मी म्हणालो.

"इथं डवरायले काय राह्यलं भाऊ?"

"मंग हंगामाले दोन पोती ज्वारी देतो माही."

"नोको. दंड भरलाच ना तुमी." हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला खरोखरच तसं वाटत होतं: काम संपलेलं होतं, पैसे पोचलेले होते.

पुढच्या सभेत मी उठून म्हणालो, कोंडवाडा बंद करा. भगवानराव हसले. "काहून बावा? लय सोयीचं हाय." मी हट्टानं ठराव करून घेतला. कोंडवाड्याला कुलूप लागलं, डोमाजीचे दोन आणे गेले. मला वाटलं, आता पहिल्यासारखं होईल. झालं नाही. ढोरं सुटत राहिली. खुंट्यावर कोणी जाईना. लोक दुरूनच म्हणायचे, "किती झालं ते सांग, देऊन टाकतो." दंड काढला, पण दंडानं जे नेलं होतं ते परत आलं नाही. त्या वर्षी देवसिंगनं आमच्यामधल्या धुऱ्यावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. दोन वावरांमध्ये काटे, हे आमच्या गावात पहिल्यांदा झालं.

दोन पोती मी तरीही पाठवली. ती परत आली.

माघात एक दिवस दुपारी विमल वावरातून एक तांबडी कालवड ओढत घेऊन आली. आमच्या तुरीत घुसली होती. देवसिंगची. तिच्या पायाला काटा लागला होता, कुंपण ओलांडताना लागला असावा. मला काय झालं सांगता येत नाही, आनंद झाला. मी स्वतः ती अंगणातल्या खुंट्याला बांधली. काटा काढला. सरकीची ढेप भिजवून घातली, पाणी ठेवलं. विमलला म्हणालो, चहाला आधण ठेव. देवसिंग येईल, उभा राहील, तू विचारशील, तो म्हणेल "माही हाय", आणि मी त्याला काही म्हणजे काही बोलू देणार नाही. वावरही पाहायला नेणार नाही. घोंगडी अंथरून मी दारात बसलो. पाणी उकळून आटलं, विमलनं दुसऱ्यांदा ठेवलं.

उन्हं कलली तेव्हा डोमाजी आला. एकटा.

"देवसिंगनं धाडलं," तो म्हणाला आणि माझ्या हातावर काही ठेवलं. "कालवड मागतली. म्हने, पावती नोको."

रुपया होता. आठ आणे नव्हे. एका ढोराला आठ आणे, हे देवसिंगला ठाऊक होतं. त्यानं जोडीचा पाठवला होता, कमी पडू नये म्हणून.

विमल चहाचे पेले घेऊन दारात आली आणि तशीच थांबली. मी उठलो, कालवड सोडायला खुंट्यापाशी गेलो. माझ्याच अंगणात, माझ्याच खुंट्यापाशी, मुठीत रुपया घेऊन मी किती तरी वेळ उभा राहिलो. गाठ सुटेना. डोमाजीनं पुढं होऊन ती सोडली.